बातमीचा खर्च कोणी सोसायचा?

कॅनडाच्या वायव्य प्रदेशाची राजधानी असलेल्या यलोनाइफ शहराला ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्याने घेरले. १६ ऑगस्ट रोजी सुमारे वीस हजार वस्तीचे ते शहर संपूर्ण रिकामे करण्याचा आदेश निघाला. कोणता रस्ता खुला आहे, आग किती जवळ आली आहे, आश्रय कोठे मिळेल हे समजून घेण्यासाठी लोक सवयीप्रमाणे फेसबुककडे वळले. तेथे बातम्या नव्हत्या. वार्ताहर झोपले होते असे मुळीच नव्हे. स्थानिक वृत्तसंस्थांचे लोक धुरात उभे राहून वृत्त देत होते. परंतु कॅनडातील कोणाही नागरिकाला फेसबुक व इन्स्टाग्रामवर वृत्तपत्रांचे वा वाहिन्यांचे दुवे दिसू नयेत, अशी तजवीज या दोन्हींची मालक असलेल्या मेटा या अमेरिकन कंपनीने १ ऑगस्टपासूनच करून ठेवली होती. लोकांनी बातम्यांची पडद्यावरील छायाचित्रे टिपून ती एकमेकांना पाठवली आणि वेळ निभावून नेली. देशाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी कंपनीवर उघड टीका केली. शासकीय खात्यांची व आपत्कालीन सेवांची पाने चालू आहेत, असे उत्तर देऊन कंपनी आपल्या जागी स्थिर राहिली.

कंपनीच्या रोषाचे कारण होते, कॅनडाच्या संसदेने संमत केलेला आणि २२ जून २०२३ रोजी राजमान्यता मिळालेला एक कायदा. बातम्यांच्या आधारे आपल्याकडे वाचक खेचणाऱ्या बड्या तंत्रज्ञान कंपन्यांनी त्या बातम्या मिळवणाऱ्या संस्थांशी वाटाघाटी करून मोबदला द्यावा, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे होते. मोबदला द्यायचा नाही म्हणून बातमीच दाखवायची नाही, असा मार्ग मेटाने निवडला. कायद्याच्या अक्षराच्या दृष्टीने पाहिले तर त्यात बेकायदेशीर काही नव्हते. पण एका सार्वभौम राष्ट्राच्या नागरिकांनी संकटाच्या वेळी काय वाचावे आणि काय वाचू नये, हे दुसऱ्या देशातील एका कंपनीच्या कार्यालयात ठरले. लोकशाहीचा विचार करणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करील अशीच ही गोष्ट आहे.

माहिती तंत्रज्ञानामुळे लोकशाही बळकट होईल, प्रत्येक नागरिक हाच वार्ताहर होईल, मूठभर संपादकांची मक्तेदारी संपेल, अशी स्वप्ने एकविसाव्या शतकाच्या आरंभी रंगवली गेली. ती सर्वस्वी खोटी ठरली असे म्हणता येणार नाही. प्रस्थापित माध्यमांनी ज्यांचे म्हणणे वर्षानुवर्षे दडपले किंवा विपर्यस्त करून मांडले, त्यांना स्वतःचा आवाज मिळाला. आणि दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी वृत्तकक्षांत बसून देशाचे मन ओळखल्याचा दावा करणाऱ्यांचे पितळ उघडे पडले. हा लाभ मान्यच केला पाहिजे. मात्र मत मांडणे आणि बातमी मिळवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, याचा या उत्साहात विसर पडला. मत मांडायला हातातील भ्रमणध्वनी पुरतो. नगरपालिकेच्या सभेला चार तास बसणे, ठरावाची प्रत मिळवणे, ठेकेदाराचे देयक तपासणे, न्यायालयाच्या व्हरांड्यात दिवसभर उभे राहणे, यासाठी पगारी माणूस लागतो. त्या माणसाचा पगार कोठून येत होता, हा प्रश्न आजवर वाचकाला कधी पडला नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या नजरेआड होते.

हे उत्तर होते जाहिरात. आपल्या देशात दैनिकाचा अंक छपाईच्या खर्चापेक्षाही कमी किमतीला विकला जातो. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. त्यातही वृत्तपत्रांना खरा आधार असे तो आतल्या पानांवरील छोट्या जाहिरातींचा. नोकरी, भाड्याची जागा, जुनी दुचाकी, वधू-वर. ज्याला नगर परिषदेच्या कारभारात काडीचाही रस नाही, असा माणूस नोकरीच्या रकान्यासाठी अंक घेई आणि नकळत नगर परिषदेच्या वार्ताहराचा पगार भरीत असे. ही विलक्षण सोय कोणी योजनापूर्वक उभारली नव्हती. ती आपोआप जुळून आली होती आणि दीडशे वर्षे चालली. तंत्रज्ञानाने नेमका हाच सांधा निखळवला. अमेरिकेत क्रेगलिस्ट १९९५ साली सुरू झाली, आपल्याकडे नोकरी डॉट कॉम १९९७ साली. जाहिरातीला बातमीच्या शेजारी बसण्याची गरज उरली नाही. पुढे गूगल व फेसबुक यांनी वाचकाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवून मोठ्या जाहिरातीही ओढून घेतल्या. अमेरिकेतील वृत्तपत्रांचे जाहिरात उत्पन्न २००५ साली सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२२ मध्ये ते १० अब्जांच्या आत आले. डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ २७ फेब्रुवारी २००९ रोजी, आपल्या दीडशेव्या वाढदिवसाला जेमतेम दोन महिने उरले असताना बंद पडले. ओहायो राज्यातील यंग्सटाऊनच्या ‘व्हिंडिकेटर’ने दीडशे वर्षे पूर्ण केली आणि ऑगस्ट २०१९ अखेर शेवटचा अंक काढला.

वृत्तपत्र बंद पडते तेव्हा गावाचे नक्की काय जाते? कॅलिफोर्नियातील बेल हे पस्तीस-छत्तीस हजार वस्तीचे, कष्टकऱ्यांचे छोटे नगर. कोणत्याही वृत्तपत्राचा वार्ताहर तेथील नगरसभेला नियमित हजर राहत नव्हता. जुलै २०१० मध्ये शेजारच्या गावाची चौकशी करीत असलेल्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या वार्ताहरांना सुगावा लागला आणि उघड झाले ते असे, की त्या नगराचा मुख्य प्रशासक वर्षाला पावणेआठ लाख डॉलरहून अधिक वेतन घेत होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे वार्षिक वेतन चार लाख डॉलर आहे! अर्धवेळ काम करणारे नगरसेवकही वर्षाकाठी लाखभर डॉलर उचलत होते. ही लूट गुप्त खलित्यांतून चाललेली नव्हती. कागद नगरपालिकेतच होते, ते पाहणारा कोणी नव्हता. प्रशासकाला २०१४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली, वृत्तपत्राला २०११ चे पुलित्झर मिळाले. नागरिकांचे पैसे मात्र त्यापूर्वीच गेले होते. बेल हे काही एकांडे उदाहरण नव्हे. ज्या भागांत स्थानिक वृत्तपत्रे बंद पडली, तेथील नगरपालिकांना कर्जरोख्यांवर कालांतराने ०.०५ ते ०.११ टक्का अधिक व्याज मोजावे लागले, असे तीन अमेरिकन अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले. आकडा किरकोळ भासतो. परंतु व्याजाचा दर हा अखेर विश्वासाचा दर असतो आणि जेथे कोणी पाहत नाही तेथे सावकारही विश्वास ठेवीत नाही.

या रोगावर पहिला धाडसी उपाय ऑस्ट्रेलियाने केला. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रॉड सिम्स यांच्या पुढाकाराने एक संहिता तयार झाली. तंत्रज्ञान कंपनी आणि वृत्तसंस्था यांनी आधी आपसात सौदा करावा. न जमल्यास दोघांनीही आपापला अंतिम प्रस्ताव लवादापुढे ठेवावा आणि लवादाने त्यांतील कोणताही एक जसाच्या तसा उचलावा, अशी तिची रचना. अवास्तव मागणी करणाऱ्याची मागणी फेटाळली जाण्याची भीती दोन्ही बाजूंना राहावी, ही त्यातील चतुराई. विधेयक संसदेत असतानाच १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी फेसबुकने ऑस्ट्रेलियात सर्व बातम्या बंद केल्या. घाईत हवामान खात्याचे पान गेले, काही राज्यांच्या आरोग्य विभागांची पाने गेली, अग्निशमन सेवेचेही गेले, आणि कोविडच्या लसीकरणाला तर अवघे काही दिवस उरले होते. पाच दिवसांत तडजोड झाली. २५ फेब्रुवारीला कायदा संमत झाला, पण त्यात एक मेख राहिली. कोणत्या कंपनीला संहिता लागू करायची हे अर्थमंत्र्यांनी जाहीर करावयाचे. आणि कंपन्यांनी काही वृत्तसंस्थांशी करार केले की अर्थमंत्र्यांनी गप्प बसावयाचे. झालेही तसेच. मोठ्या वृत्तसमूहांना भरघोस रकमा मिळाल्या. बहुभाषिक सार्वजनिक प्रसारण करणाऱ्या एसबीएसला फेसबुकने दारातही उभे केले नाही. करारांची मुदत संपत आली तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, आपण ते पुन्हा करणार नाही असे मेटाने सांगून टाकले. डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शासनाला नव्या आकारणीची घोषणा करून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला.

कॅनडातही गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले आणि वाटाघाटींच्या जंजाळातून स्वतःची सुटका करून घेतली. त्या रकमेच्या वाटपात एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. पैसा कोणाची पाने किती वाचली गेली यावर न वाटता संस्थेने बातमीदारीसाठी किती माणसे ठेवली आहेत यावर वाटला जातो. लोक टिचकी कशावर मारतात याचा लोकशाहीशी संबंध थोडा. बातमी मिळवणारे किती जण पगारावर आहेत, याचा फार मोठा. स्पेनने मोबदला सक्तीचा करताच गूगलने डिसेंबर २०१४ मध्ये आपली वृत्तसेवाच तेथून काढून घेतली होती, ती साडेसात वर्षांनी, जून २०२२ मध्ये परतली. एकट्या-दुकट्या देशाला वाकवणे या कंपन्यांना अवघड जात नाही, हाच या सर्व कथांचा निष्कर्ष निघतो. भारतासारखी बाजारपेठ मात्र त्यांना सोडून जाणे परवडणार नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे हा विषय डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेला आणि आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. अमेरिकेच्या न्यायालयाने तर एप्रिल २०२५ मध्ये जाहिरात तंत्रज्ञानाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी निर्माण केल्याचा निर्णय दिला आहे. जाहिरात विकणाऱ्याचा दलाल गूगल, विकत घेणाऱ्याचा दलाल गूगल आणि सौदा ज्या बाजारात होतो तो बाजारही गूगलचाच! आडत्याने शेतकऱ्याचा माल विकावा, व्यापाऱ्याच्या वतीने तोच विकत घ्यावा आणि तोलणारा काटाही त्याच्याच हाती असावा, असा हा प्रकार. आपल्या बाजार समित्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला यापुढे काय होते ते सांगण्याची आवश्यकता नाही.

या प्रश्नाचा एक पदर थेट पुण्यापर्यंत येतो. वृत्तपत्राने किती पानांना किती किंमत घ्यावी हे ठरवण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने केंद्र शासनाने स्वतःकडे घेतला होता आणि १९६० मध्ये तसा आदेशही काढला. हेतू वाईट नव्हता. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगानेच तशी शिफारस केली होती. बड्या पत्रांच्या स्पर्धेपुढे लहान पत्रे टिकावीत, असा विचार त्यामागे होता. डॉ. ना. भि. परुळेकर यांच्या ‘सकाळ’ने आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. विशेष म्हणजे, या पत्राच्या दोन वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या. न्या. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालाने आदेश आणि त्यामागील तरतूद दोन्ही घटनाबाह्य ठरवले. पाने कमी केली वा किंमत वाढवायला लावली की खप घटतो, आणि खप घटवणे म्हणजेच विचार पोहोचवण्याचे स्वातंत्र्य घटवणे. धंद्याचे नियमन करण्याच्या नावाखाली हे करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

राज्यसंस्थेला जे नाकारले गेले ते आज कंपनी निर्वेधपणे करीत आहे, हे साठ-पासष्ट वर्षांनंतरचे वास्तव आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आपली मांडणी बदलली, मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य दिले आणि वृत्तसंस्थांच्या मजकुराला खाली ढकलले. जगभरातील प्रकाशकांचा वाचक त्यामुळे ओसरला. त्याआधी याच कंपनीने चित्रफितींची भुरळ घातली होती; किती वेळ पाहिल्या जातात याचे आकडे दोन वर्षे फुगवून दिले गेले, असे तिला २०१६ मध्ये मान्य करावे लागले. तोवर त्या आकड्यांवर विसंबून कित्येक वृत्तकक्षांनी लिहिणारी माणसे कमी केली होती. आणीबाणीत सेन्सॉर अधिकारी मजकुरावर काट मारी. पण तो दिसत असे, त्याच्या नावाने आदेश असे, त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता येई आणि अग्रलेखाची जागा कोरी ठेवून वाचकाला खूण करता येई. आता खप कापणाऱ्या सूत्राचा चेहराच नाही. मूलभूत हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने म्हटले आहे खरे. परंतु तालुक्यातील साप्ताहिकाच्या संपादकाने तो हक्क हाती घेऊन कॅलिफोर्नियातील कंपनीपुढे उभे राहावयाचे ते कसे?

बातमीची जागा रिकामी राहत नाही. तेथे अफवा येऊन बसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. व्हॉट्सअपवरून ती अफवा कित्येक दिवस फिरत होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावाने हत्या केली, तेव्हाही त्या परिसरात चोरांच्या व मुले पळवणाऱ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. वृत्तपत्राचा वार्ताहर गावात असता तर हे आठ जीव वाचले असते, असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. गुन्हा जमावाचा होता आणि कर्तव्यच्युती यंत्रणेची. परंतु ‘ही गोष्ट खोटी आहे’ असे सांगणारा, गावाने नावानिशी ओळखावा असा माणूस अशा भागांत उरलेला नाही, हे नाकारता येत नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पाच निरपराध माणसे गेल्यावर सुचलेला हा उपाय आधी सुचण्याजोगा नव्हता काय?

वृत्तपत्रांची कड घेताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन बातमीच्या वेषात जाहिराती छापल्या गेल्या. ‘पेड न्यूज’चे ते पाप गूगलने किंवा फेसबुकने केलेले नव्हते. ज्यांनी स्वतःचे अग्रलेखांचे पान वगळता बाकी सर्व काही विक्रीला काढले, त्यांच्या तोंडी पत्रकारितेच्या पावित्र्याची भाषा शोभत नाही. वाचकाने पाठ फिरवली त्याला तंत्रज्ञान जितके कारण, तितकाच हा अविश्वासही कारण आहे. शिवाय शासनाने मदत करावी म्हणून हात पसरणाऱ्यांनी, शासनमान्य यादीवर असण्याची किंमत जिल्हा पत्रांना कोणत्या स्वरूपात मोजावी लागते, हे एकदा त्या पत्रांच्या संपादकांना खासगीत विचारावे. सत्तेवर कोणताही पक्ष असो, जाहिरात थांबण्याची भीती संपादकाच्या लेखणीवर सारखाच परिणाम करते.

आता त्यावर आणखी एक संकट उभे आहे. आजवर गूगल निदान वाचकाला वृत्तपत्राच्या दारापर्यंत आणून सोडत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रश्नाचे उत्तर शोधपानावरच सारांशरूपाने देण्याची सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात सुरू झाली. वार्ताहराने मिळवलेली माहिती दळून तिचे पीठ वाटायचे आणि धान्य कोणाचे हे विचारणाऱ्याला वाटेला लावायचे, असा हा व्यवहार आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो याच कारणाने. मराठीसारख्या भाषांना येथे दुहेरी फटका बसतो. या यंत्रांना शिकवण्यासाठी मराठी मजकूर थोडाच आहे, म्हणून प्रामाणिकपणे लिहिलेल्या प्रत्येक मराठी बातमीचे मोल अधिक; आणि ती लिहिणाऱ्याची सौदाशक्ती सर्वांत कमी.

संसदेने कायदा करावयाचा झाल्यास ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून एवढे तरी शिकावे, की करार गुप्त राहता कामा नयेत आणि ते पाच-दहा बड्या समूहांपुरते उरता कामा नयेत. जिल्ह्यातील लहान पत्रांना एकत्र येऊन सौदा करण्याची मुभा स्पर्धा कायद्यातच स्पष्ट शब्दांत द्यावी लागेल, अन्यथा तीच संघटना उद्या मक्तेदारी ठरवली जाईल. मिळणारी रक्कम वार्ताहरांच्या संख्येवर वाटावी, आणि ते वाटप कोणत्याही मंत्रालयाच्या हाती नसावे. ‘सकाळ’च्या निकालात न्यायालयाने अडवलेले दार मागील बाजूने उघडता कामा नये. क्रमवारी ठरवणाऱ्या सूत्रात मोठा बदल करण्यापूर्वी कंपनीने प्रकाशकांना पूर्वसूचना द्यावी, आणि निवडणूक किंवा नैसर्गिक आपत्ती यांच्या काळात वृत्तसेवा तोडण्यास सरळ मनाई असावी. यलोनाइफने हा धडा फार महाग किमतीला घेतला आहे.

आणि वाचक? ‘सकाळ’च्या दोन वाचकांनी आपले पत्र महाग होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालय गाठले होते. आजचा वाचक चहाच्या एका कपापेक्षा स्वस्त असलेला अंक बंद करतो, त्याच अंकाची पीडीएफ प्रत गटावर कोणीतरी पाठवील म्हणून सकाळी वाट पाहतो, आणि ती आली नाही तर तक्रारही करतो. येत्या निवडणुकीनंतर आपल्या नगरपालिकेच्या स्थायी समितीत कोणते ठेके मंजूर झाले, हे त्याला त्या गटावर कोण सांगणार आहे?